जिवंत गळ्याला पर्याय नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता परमेश्वराच्या घरी गेली. दफनविधीची मिस्सा झाली, शवपेटिकेवर पवित्र पाणी शिंपडून झाले आणि शेवटच्या निरोपाचे गीत म्हणण्याची वेळ आली. चर्चमध्ये दोनशेच्या आसपास माणसे होती. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ते गीत लहानपणापासून तोंडपाठ आहे, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. परंतु कोणी तोंड उघडले नाही. एका तरुणाने आपला मोबाईल ध्वनिक्षेपकाला जोडला, बोट टेकवले, आणि निरोपाच्या गीताऐवजी त्या भरल्या चर्चमध्ये एका टूथपेस्टची जाहिरात दुमदुमली. मृत मातेचा थोरला मुलगा मान खाली घालून उभा राहिला. काही क्षणांनी जाहिरात संपली आणि गीत सुरू झाले.

वाचकहो, आमचे दुःख त्या जाहिरातीचे नाही. गीत सुरू झाल्यावरही दोनशे माणसे मुकाट्याने ऐकत उभी राहिली, हे आमचे दुःख आहे. आपल्या आईला, आजीला, शेजारणीला निरोप देण्याचे काम आपण सर्वांनी मिळून एका यंत्रावर सोपवले होते. त्या तरुणाला आम्ही बोल लावीत नाही. तो बिचारा पुढे झाला, कारण दुसरे कोणी पुढे होईना. दोष कोणाचा, ते याच लेखात पुढे सांगणार आहोत. आणि तो सांगताना आम्ही स्वतःला वगळणार नाही.

हा विषय आम्हाला एवढा झोंबतो, याला कारण आहे. आम्ही गवई नाही. आमचा गळा मिस्सेतील प्रस्तावना गाण्यापुरताच, आणि तोही भाविकांच्या सहनशीलतेवर चालतो. परंतु गेली पस्तीसेक वर्षे आम्ही श्रोता म्हणून मैफलींना जात आलो आहोत. सभागृहात, मंडपात, देवळाच्या ओवरीत आणि कुणाच्या घरच्या बैठकीत, सतरंजीवर मांडी घालून आम्ही जे ऐकले, त्याने आम्हाला केवळ संगीतच शिकवले असे नाही; उपासना म्हणजे काय, हेही काही अंशी तेथेच उमगले. म्हणून त्या अनुभवाच्या आधारे आम्ही आज चार खडे बोल बोलणार आहोत.

पहिली मैफल

आमची पहिली मैफल अर्थातच गावची. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) आमच्या खेड्यात नाताळच्या आधीच्या आठवड्यात रोज रात्री भजनाची बैठक होई. धर्मशिक्षणाचे काम पाहणारे मास्तर पेटी वाजवीत, एक शेतकरी मृदंगावर बसे, आणि बाकीचे टाळ घेत. कंदिलाच्या उजेडात पोरेसोरे आईच्या मांडीवर पेंगत; तरी दुसऱ्या दिवशी गुरे वळताना त्याच पोरांच्या तोंडून तीच भजने ऐकू येत. ती कोणी शिकवली नव्हती. गाणाऱ्या माणसांच्या शेजारी झोपल्याने ती अंगात शिरली होती.

पुढे आम्ही पुण्यास नगर रस्त्यावरील सेमिनरीत दाखल झालो. १९८९ च्या डिसेंबरात एका सहाध्यायाने आम्हाला सवाई गंधर्व महोत्सवाला नेले. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर तथा सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. त्या काळी तो रात्र रात्र चाले. शनिवारवाड्यापासून जवळच असलेल्या रमणबाग शाळेच्या पटांगणात मंडप पडे, आणि लोक शाली, कानटोप्या, चहाचे थर्मास घेऊन सतरंज्यांवर ठाण मांडीत. रात्री बाहेर राहण्याची परवानगी काढून आम्ही सायकली हाणीत बंडगार्डनचा पूल ओलांडून जात असू, आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी परत येऊन थेट प्रार्थनेला बसत असू.

एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी आम्हाला विचारले, "ब्रदर, तुम्हाला वेदीजवळ उभे राहायचे आहे की रमणबागेत बसायचे आहे?" तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे अभ्यासात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरील दस्तऐवज हाती आला. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्या दस्तऐवजाच्या ११९ व्या कलमात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा आणि उपासनेत तिला स्थान मिळावे, असे स्पष्ट सांगितले आहे. परंपरेला मान द्यायचा, तर प्रथम ती ऐकायला नको काय? आणि त्या मंडपात आम्ही काय पाहिले? अब्दुल करीम खाँसाहेबांची गायकी त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे आली, त्यांच्याकडून पारशी फिरोज दस्तुरांकडे, हुबळीच्या गंगूबाई हनगलांकडे आणि भीमसेनजींकडे. कोणाची जात, कोणाचा धर्म आडवा आला नाही. आम्हा ख्रिस्ती पोरांनाही कोणी 'तुम्ही कोण?' म्हणून विचारले नाही. सरकून जागा दिली.

मैफलीने काय शिकवले

उतारवयातील मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, दस्तूर, किशोरी आमोणकर, आणि शेवटच्या दिवशी भीमसेनजी, अशी माणसे ऐकण्याचे भाग्य आम्हाला लाभले. आज त्यांतील कोणीही हयात नाही. भीमसेनजी २०११ साली गेले, किशोरीताई २०१७ साली. भीमसेनजींच्या नंतर ज्यांच्या गाण्याने महोत्सवाची सांगता होई, त्या प्रभा अत्रेही २०२४ च्या जानेवारीत गेल्या. महोत्सवही बदलला. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले आणि रात्रभराचे गाणे संपले. २०१८ पासून तर रमणबागही सुटली आणि मंडप मुकुंदनगरला गेला. त्याबद्दल आम्ही गळा काढीत नाही. काळ बदलतो, वेळापत्रके बदलतात. जे बदलले नाही, त्याविषयी बोलू.

पहिली गोष्ट वाट पाहण्याची. गवई येऊन बसतो आणि लगेच गात नाही. तंबोरे जुळवले जातात. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, तार छेडायची, कान द्यायचा. हजारो माणसे त्या जुळणीपुढे निमूट बसलेली असतात. मिस्सा सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा म्हटले तर आपल्या भाविकांची चुळबुळ सुरू होते. म्हणून ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते.

दुसरी गोष्ट जोखमीची. एका रात्री एक वयोवृद्ध गायिका गात होत्या. तार षड्ज लावायला गेल्या आणि आवाज फाटला. सारा मंडप श्वास रोखून बसला. बाई किंचित हसल्या, खाली आल्या, पुन्हा दोन आवर्तने बढत केली आणि फिरून त्या स्वराकडे निघाल्या. त्या क्षणी मंडपातील प्रत्येक माणूस मनातल्या मनात त्यांना वर ढकलत होता, असे आम्हाला वाटले. स्वर लागला. तो निर्दोष नव्हता. किंचित थरथरत होता. परंतु त्या वेळी जी दाद उठली, ती आम्ही आजवर विसरलो नाही. तो स्वर एकट्या बाईंचा नव्हता, आम्हा सर्वांचा होता. यंत्राचा आवाज फाटत नाही, आणि म्हणूनच त्याला आपली गरज लागत नाही.

तिसरी गोष्ट सहभागाची. समेवर येताना गवई श्रोत्यांकडे पाहतो आणि हजार माना एकदम हलतात. श्रोता गात नसतो, तरी तो गाण्यात असतो. परिषदेने उपासनेत भाविकांच्या सक्रिय सहभागाचा एवढा आग्रह धरला, त्याचा अर्थ आम्ही ग्रंथांतून वाचला खरा. पण तो पाहिला प्रथम रमणबागेत.

ध्वनिमुद्रण वाईट आहे काय?

येथे आमचे टीकाकार म्हणतील, "फादर, तुम्ही स्वतः कॅसेटी जमवल्या, सीडी जमवल्या. मग ट्रॅकवर एवढा राग का?" प्रश्न रास्त आहे. त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

भीमसेनजींची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. गदगच्या बाजूचा हा मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका दुकानात ऐकून वेडावला आणि कोवळ्या वयात घर सोडून गाणे शिकायला निघाला. म्हणजे या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी एक तबकडीच आहे! मान्य. पण त्या तबकडीने त्याला काय करायला लावले? घर सोडायला, ग्वाल्हेरपर्यंत वणवण करायला आणि अखेर कुंदगोळला एका जिवंत गुरूच्या पायाशी बसायला. तबकडीने आमंत्रण दिले; गाणे माणसाने शिकवले.

दुसरे उदाहरण त्याच महोत्सवाचे. सर्व कलावंतांची गायने झाल्यावर अगदी शेवटी व्यासपीठावरून सवाई गंधर्वांची भैरवीतील ध्वनिमुद्रिका लावली जाते. हिंदुस्थानातील थोर थोर गळे ऐकून झाल्यावर लोक १९५२ साली दिवंगत झालेल्या एका माणसाचा खरखरता आवाज स्तब्धपणे ऐकतात. दर वर्षी तेथे आमचे डोळे पाणावतात. पण ती मुद्रिका का लावतात? गायला कोणी मिळत नाही म्हणून नव्हे. जो आता गाऊ शकत नाही, त्याचे स्मरण म्हणून.

तेव्हा ध्वनिमुद्रणाचे दोन उपयोग आम्हाला मान्य आहेत: जिवंत गाण्याकडे बोलावणे, आणि मृतांचे स्मरण. तिसरा उपयोग आम्हाला मान्य नाही, तो म्हणजे जिवंत माणसे समोर बसलेली असताना त्यांच्या गळ्याची जागा घेणे. आपल्या चर्चमध्ये आज नेमका हाच तिसरा उपयोग चालला आहे. आपली माणसे मेलेली नाहीत, वाचकहो. मग आपण त्यांची ध्वनिमुद्रिका का लावतो?

आणि हे केवळ आमचे खूळ आहे असे कोणी समजू नये. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून पवित्र संगीताविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले, त्यात ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांसारखी यंत्रे उपासनेत गायकवृंदाच्या किंवा भाविकांच्या गाण्याऐवजी वापरण्यास, इतकेच काय त्या गाण्याला नुसता आधार म्हणून वापरण्यासही, साफ मनाई केली होती. त्याच ठिकाणी धर्मगुरूचा वा निवेदकाचा जिवंत आवाज दूरवर पोहोचावा यासाठी ध्वनिक्षेपक वापरण्यास मात्र मोकळीक होती. केवढा सूक्ष्म विवेक आहे हा! जिवंत आवाज मोठा करा. त्याची हकालपट्टी करू नका. पुढे १९७३ साली बालकांच्या मिस्सेविषयीच्या निर्देशिकेत ध्वनिमुद्रित संगीताला मोठ्या सावधगिरीने सवलत मिळाली, तीही धर्माध्यक्षांच्या परिषदेच्या नियमांना अधीन राहून. बालकांसाठी कचरत दिलेली ही सवलत आपण सर्वांनी सर्रास उचलली आणि दफनविधीपर्यंत नेऊन पोहोचवली.

आमचा स्वतःचा अपराध

आता कबुलीकडे वळतो. २००८ साली एका खेड्यातील धर्मग्रामाची जबाबदारी आमच्याकडे आली. तेथे जुने भजनी मंडळ होते. पेटी वाजवणारे काका व्यवसायाने गवंडी. दिवसभर विटा रचून हाताची बोटे राठ झालेली, पण पेटीवर बसले की ती बोटे मऊ होत. ते कधी चढ्या पट्टीत सुरू करीत, कधी लय धावे. आम्ही, सवाई गंधर्व ऐकून आलेले रसिक, अस्वस्थ होत असू. एका दात्याने देणगी दिली आणि आम्ही तयार तालांचा एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. गावातील एका चलाख मुलाने तो आठवड्यात आत्मसात केला. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेआधी आम्ही काकांना म्हटले, "काका, यंदा तुम्ही विश्रांती घ्या."

काका म्हणाले, "बरं, फादर."

एवढेच. तक्रार नाही, रुसवा नाही. त्यानंतर ते दर रविवारी मागच्या खांबापाशी बसत. गाणे सुरू झाले की त्यांचा डावा हात मांडीवर नकळत हलत असे, भाता ओढल्यासारखा. वेदीवरून आम्हाला ते दिसत असे, आणि आम्ही नजर दुसरीकडे वळवीत असू.

२०१४ साली काका वारले. तोपर्यंत कीबोर्डवाला मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला होता. मंडळ केव्हाच मोडले होते. काकांनी कोणाला पेटी शिकवली नव्हती, कारण आम्ही त्यांना विश्रांती दिली होती. ज्या माणसाने गावातल्या कितीतरी मयतांना पेटीच्या सुरांत निरोप दिला, त्याच्या दफनविधीला आम्ही पेन ड्राइव्ह लावला. विधी आटोपल्यावर संस्काराच्या वस्तूंच्या खोलीत गेलो, तर कोपऱ्यात त्यांची पेटी सापडली. उंदरांनी भाता कुरतडला होता.

मघाशी आम्ही विचारले होते, दोष कोणाचा? हे त्याचे उत्तर. मोबाईल जोडणाऱ्या त्या तरुणाचा नाही. 'विश्रांती घ्या' म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांचा. आम्ही मैफलींत फाटलेल्या स्वराला दाद दिली, आणि आमच्याच गवंडीकाकांचा चढा सूर आम्हाला सोसवला नाही. असा श्रोता काय कामाचा?

सबबी आणि त्यांची उत्तरे

पहिली सबब: आमच्याकडे चांगले गाणारे नाहीत. उत्तर: कुठेच नसतात, गाता गाता होतात. गोव्यातील चर्चशाळांत धर्मग्रामाचे संगीतशिक्षक मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्या परंपरेतून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारखे वादक आणि संगीत-संयोजक मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा आधार झाले. मजुरांची नि दर्यावर्द्यांची मुलेही त्या शाळांत सूर शिकत. साऱ्या देशाला संगीत पुरवणारा समाज आज आपल्याच वेदीसाठी संगीत भाड्याने आणतो, याची लाज वाटायला हवी.

दुसरी सबब: सरावाला वेळ नाही. उत्तर: लग्नाच्या वरातीत डीजेपुढे नाचायला तीन तास मिळतात. नाचा, आमची हरकत नाही. पण विवाहसंस्काराच्या मिस्सेतील चार गीतांसाठी दोन्ही घरची माणसे एक संध्याकाळ जमू शकत नाहीत, हे आम्ही मानणार नाही.

तिसरी सबब: ट्रॅकमुळे सारे नीटनेटके होते. होते खरे. पण नीटनेटकेपणासाठी आपण जमतो काय? २०२० साली महामारीत चर्चेस बंद झाली, आणि आपण महिनोन्महिने मोबाईलवर मिस्सा पाहिली. त्या वर्षी डिसेंबरात महोत्सवही भरला नाही. पडद्यावरची मिस्सा नीटनेटकी होती. गायन शहरातील उत्तम गायकवृंदाचे होते. तरीही दरवाजे उघडले त्या रविवारी माणसे रडत आत आली. कशासाठी आली? शेजाऱ्याच्या बेसूर गळ्यासह एकत्र असण्यासाठीच ना? मग आत येऊन पुन्हा गप्प का बसलो?

करायचे काय?

आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. येत्या आगमनकाळापासून मिस्सेत आणि दफनविधीत ट्रॅक बंद करावा. वाद्य नसेल तर वाद्याविना गावे. प्रत्येक धर्मग्रामाने पेटी, तबला, व्हायोलिन यांपैकी काही शिकवणारा एक शिक्षक नेमावा, आणि त्याला मानधन द्यावे. सणाच्या रोषणाईला पैसा असतो, तसा यालाही असतो. आईवडिलांनी वर्षातून एकदा तरी मुलांना एखाद्या जिवंत मैफलीला न्यावे. मोबाईल खिशात ठेवावा आणि तंबोरे जुळताना गप्प बसावे. आणि आम्हा धर्मगुरूंनी कोणत्याही काकांना 'विश्रांती घ्या' म्हणण्यापूर्वी दहादा विचार करावा.

गवंडीकाकांची ती पेटी बदलीच्या वेळी आम्ही सोबत आणली होती. त्या पावसाळी दफनविधीनंतर तिचा भाता दुरुस्त करून घेतला. शनिवारी संध्याकाळी तीन मुली आणि एक मुलगा शिकायला येतात. गेल्या महिन्यात एका रविवारी त्यांनी प्रथमच प्रवेशगीत वाजवले. दुसऱ्या कडव्याला मुलीची बोटे चुकली आणि पेटी थांबली. तिचा चेहरा रडवेला झाला. तेव्हा मागच्या बाकावरून एका आजीबाईंनी ते कडवे उचलले, मग त्यांच्या शेजारणीने, मग पुरुषांच्या बाजूने, आणि गीत शेवटापर्यंत गेले. कित्येक वर्षांनी आमचे चर्च गात होते. पट्टी मात्र चढी लागली होती.

पुढच्या दफनविधीला, वाचकहो, कोणी मोबाईल घेऊन उठलाच तर त्याला प्रेमाने खाली बसवा, आणि तुम्ही सुरुवात करा. बेसूर असाल तरी चालेल.